बर्फातला हीट पंप आणि धुळ्याचा एसी

जानेवारीत धाकट्या भावाचा टोरंटोहून व्हिडिओ कॉल आला. रात्रभर बर्फ पडलेलं, आणि घराबाहेरच्या हीट पंपातून पांढरे लोट निघत होते. इकडे धुळ्यात गोधडी पांघरून बसलेल्या आईनं फोनमध्ये डोकावून विचारलं, "आग लागनी का रे भाऊ?"

आग नव्हती, वाफ होती. पंप अंगावरचं बर्फ वितळवत होता.

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी. आपला एसी मे महिन्यात खोलीतली उष्णता उचलून बाहेरच्या ४४ अंशांत नेऊन टाकतो. हा बाहेरच्या थंडीतली उष्णता घरात आणतो. उणे १० अंशांच्या हवेत कसली आलीय उष्णता? पण ती पुरती संपते थेट उणे २७३ अंशांना. नळीतला गॅस हवेपेक्षा थंड ठेवला, की उष्णता आपसूक त्याच्याकडे येते. मात्र या नळ्या आणि पातळ पात्यांची बाहेरची जाळी अशी थंड राहिल्यानं हवेतली वाफ तिच्यावर गोठते. कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट हवेत हा त्रास जास्त. म्हणून यंत्र अधूनमधून काही मिनिटं उलटं फिरतं, बाहेरचा पंखा थांबवतं आणि गरम गॅस जाळीत सोडतं. तेच ते लोट.

जाळीवर पांढरी साय असली तर खुशाल असू द्यावी. भावाच्या पंपावर मात्र खालच्या बाजूला जाड लादी धरली होती, आणि साहेब स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाले होते. मी फोनवरच ओरडलो. ॲल्युमिनियमच्या त्या पात्या बोटानंही वाकतात; नळीला भोक पडलं तर गॅस गेलाच. आधी पंप बंद कर, भोवतीचं बर्फ हातानं दूर सार, हवेला वाट दे, म्हटलं. उकळतं पाणीही ओतायचं नाही.

आपल्याकडे बर्फ धरतं ते घरातल्या जाळीवर, तेही ऐन उन्हाळ्यात. फिल्टर धुळीनं गच्च झाला की जाळीवरून हवा कमी जाते, जाळी शून्याखाली उतरते आणि तिच्यावर धरलेला घाम गोठतो. फिल्टर धुवून तासभर नुसता पंखा चालवला की बहुतेकदा भागतं. तरीही बर्फ परत आलं तर गॅस कमी असू शकतो: दाब घटला की जाळीत द्रवरूपात येणारा गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो, आणि जाळी जास्तच गार पडते. आमच्याकडे एका मेकॅनिकनं लागोपाठ दोन उन्हाळे "गॅस संपला" म्हणून भरून दिला. अहो, गॅस काय पेट्रोल आहे संपायला? तो गळतो. गळती शोधायला हवी होती.

भावाच्या पंपाचा गॅस शाबूत निघाला. दुपारी ऊन पडल्यावर त्यानं पुन्हा कॅमेरा फिरवला, तेव्हा आईलाच आधी दिसलं: छताच्या पन्हाळीतून पाणी टपटप थेट पंपावर पडत होतं.