ट्विन लेक्सच्या केबिनमागची तयारी

अलास्कात एकट्याने ३० वर्षं काढलेल्या डिक प्रेनेकीचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की नोकरीला रामराम ठोकावा आणि असंच जंगलात जाऊन राहावं. पण हा माणूस एका रात्रीत उठून गेला नव्हता, त्याच्या आधीची तयारी सांगितल्याशिवाय त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली ती लाकडी केबिन कळतच नाही असं माझं ठाम मत आहे.

जन्म १९१६चा, आयोवातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्हीत सुतार होता, तिथे संधिवाताच्या तापाने सहा महिने अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये अलास्कात आला, मग तिथल्याच कोडियाक बेटाच्या नेव्ही बेसवर डिझेल मेकॅनिक, मधेच सॅमन मासेमारी, पडेल ते काम. वेल्डिंग करताना अपघात झाला आणि डोळे जाता जाता वाचले, त्यानंतर त्याने जंगलात जाऊन राहायचं पक्कं ठरवलं. ट्विन लेक्स, म्हणजे अलास्कातल्या जोडतळ्यांची जागा, त्याने १९६२ मध्येच बघून ठेवलेली, आणि १९६७च्या उन्हाळ्यात स्प्रूसची (सूचिपर्णी) झाडं तोडून, सालं काढून ओंडके वाळत घातले नि परत गेला. बांधकाम १९६८ मध्ये, तेव्हा वय ५२!

गिरमिट, पटाशी अशी हत्यारं त्याने बिनदांड्याची नेली, म्हणजे ओझं कमी, दांडे तिथल्याच लाकडाचे केले. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या. इंधनाच्या वगैरे रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून भांडी बनवली, छपरावर शेवाळ, दगडाची चूल, आणि अस्वलांपासून धान्य वाचवायला उंच खांबांवर वेगळी कोठी. आत जागा जेमतेम ११ बाय १५ फूट.

आता स्वावलंबन म्हणजे जगाशी संबंधच नाही असं काही नव्हतं बरं का. बेब ऑल्सवर्थ नावाचा पायलट छोट्या विमानाने पीठ, बीन्स, पत्रं आणून द्यायचा, बाकी मासे, रानातली बेरीची फळं, बागेतल्या भाज्या त्याच्या स्वतःच्या. १६ महिने राहून तो घरी गेला आणि १९७० मध्ये पुन्हा आला, त्याच्या डायऱ्यांवरून १९७३ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा कुठे लोकांना हे कळलं.

१९८० मध्ये तो सगळा भाग लेक क्लार्क नॅशनल पार्कमध्ये गेला, त्यामुळे मनात आलं म्हणून कोणीही जाऊन तिथे ओंडके रचू शकत नाही. प्रेनेकी मात्र राहिला. १९९८ मध्ये ८२व्या वर्षी थंडी झेपेना म्हणून कॅलिफोर्नियात भावाकडे गेला आणि २००३ मध्ये वारला. केबिन त्याने पार्कला दिली, उन्हाळ्यात लोक विमानाने जाऊन बघून येतात.