आधीच्या मालकाने पाडलेलं भोक: घरच्या घरी जुनी गाडी उभी करण्यामागचा इतिहास

जुनी गाडी घरी खोलायला घेतली की पहिल्या आठवड्यात दुरुस्ती फारशी होत नाही; आधीच्या मालकांची ओळख मात्र होते. डॅशबोर्डमागे टेप गुंडाळलेल्या, कुठेच न जाणाऱ्या वायरी सापडतात. रेडिओसाठी पत्र्याला पाडलेलं भोक दिसतं. पायाखालची चटई उचलली तर गंजलेल्या जागेवर रिव्हेट मारून बसवलेला तुकडा निघतो आणि तोंडातून आपोआप एक शिवी निघते. पण ज्याने तो तुकडा ठोकला त्याच्या मते त्याने गाडी वाचवली होती. ज्याने भोक पाडलं त्याला त्या वर्षी रेडिओ हवा होता, गाडीचं मूळपण नव्हे.

या छंदाचा सगळा इतिहास याच भांडणाचा आहे. एका पिढीची सुधारणा पुढच्या पिढीला नासधूस वाटते. कधीकधी तीच नासधूस तिसऱ्या पिढीत जपून ठेवण्याजोगी ठरते.

सुरुवातीला दुरुस्ती, सुधारणा आणि वापर असे वेगळे कप्पे नव्हतेच. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या ‘मॉडेल टी’ या दीड कोटीहून अधिक गाड्या बनल्या. कंपनीच्या माहितीपुस्तकात व्हॉल्व्ह कसे घासायचे, आत साचलेला कार्बन कसा खरवडायचा हे मालकालाच समजावून सांगितलेलं असे. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोलणं हा गाडी बाळगण्याचा भाग होता. चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, पण ‘मॉडेल टी’ला कारखान्यातून तो मिळायला १९१९ उजाडलं. तोवर हँडल मारायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. मधल्या वर्षांत ज्याने बाहेरून स्टार्टर आणून घरी बसवला त्याला आपण गाडीत ‘बदल’ करतोय असं वाटलंही नसेल.

जुनी गाडी जुनी म्हणूनच जपावी, ही कल्पना त्यानंतरची आणि सुरुवातीला थोडी थट्टेवारी नेलेली. १८९६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये वेगमर्यादा सैल झाली, त्या आनंदात लंडन ते ब्रायटन अशी मोटारींची सफर निघाली होती. १९२७ मध्ये तिची पुनरावृत्ती झाली, तेव्हा त्या धुरकट गाड्या लोकांना करमणूक वाटल्या. पण तीनच वर्षांनी, १९३० मध्ये, ब्रिटनमध्ये व्हेटरन कार क्लब स्थापन झाला. १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब आला. १९३० नंतरच्या गाड्यांत पूर्वीचा कस राहिला नाही, असं त्याच्या सभासदांचं ठाम मत. १९३५ मध्ये अमेरिकेतही अशी संघटना उभी राहिली. म्हणजे ‘हल्लीच्या गाड्यांत दम नाही’ ही तक्रार किमान नव्वद वर्षं जुनी आहे.

जपणूक करणारे असे एकीकडे जमत असताना दुसरीकडे करवती चालल्या होत्या. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन दिलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, काचा, बंपर काढून फेकले, कार्बोरेटर वाढवले आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. १९३७ मध्ये या मंडळींची रीतसर संघटना झाली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत युद्धापायी खाजगी मोटारींचं उत्पादनच थांबलं. युद्ध संपलं तेव्हा लष्करात विमानं आणि ट्रक खोलायला शिकलेले हजारो हात मोकळे होते आणि जुन्या गाड्या मुबलक होत्या. १९४८ मध्ये अशा कापून वेगवान केलेल्या गाड्यांना, म्हणजे हॉट रॉडला, वाहिलेलं मासिक निघालं आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांच्या वेगाच्या चाचण्या सुरू झाल्या. सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने याच गर्दीतून वाढले.

ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चाललं, नव्या गाड्या बहुतांश निर्यातीला जात. तिथे हौशी माणसाच्या वाट्याला आली ऑस्टिन सेव्हन. १९२२ ते १९३९ या काळात सुमारे २ लाख ९० हजार बनलेली ही चिमुकली गाडी. तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी आणि बॉडी वेगळी. बोल्ट सोडवून बॉडी उचलली की उरलेल्या सांगाड्यावर हवं ते बसवता येई. अशा गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणत. १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये १९२८ ची ऑस्टिन सेव्हन कापून तिच्यावर प्लायवूडची बॉडी चढवली. पुढे लोटस कंपनी काढणाऱ्या चॅपमनची ती पहिली लोटस. शाळकरी जॉन हेन्स यानेही अशीच एक स्पेशल बनवली आणि १९५६ मध्ये ती कशी बनवायची याची पुस्तिका काढली.

हेन्सची पुढची हकिकत या छंदाच्या दृष्टीने जास्त मोलाची. १९६५ मध्ये तो ब्रिटिश हवाई दलात एडनला होता. सहकाऱ्याच्या मोडकळलेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचं इंजिन उभं करायला दोघे बसले आणि कंपनीचं मॅन्युअल बिनकामाचं निघालं, कारण ते प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं होतं. हेन्सने मग खोलण्याचा प्रत्येक टप्पा फोटोत पकडला, आणि १९६६ मध्ये त्याचं पहिलं मॅन्युअल बाजारात आलं. सांगणारा माणूस स्वतः तेच काम करून, हात काळे करून बसला आहे, एवढा एकच फरक, पण सगळं त्यातच आलं. ‘बसवताना हीच कृती उलट क्रमाने करा’ हे मॅन्युअलमधलं ठरीव वाक्य मात्र कुणाच्याच बाबतीत कधी खरं ठरलेलं नाही.

मॅन्युअल हातात असलं तरी पाना लागेलच असं नाही. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं आणि ब्रिटिश यंत्रं शंभरेक वर्षं त्याच वळणावर चालली. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, डोक्याची रुंदी नाही. त्यामुळे नवशिक्याच्या हातात नेहमी चुकीचा पाना येतो. युद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन भाग एकमेकांना बसेनात, म्हणून १९४८-४९ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने युनिफाइड आटे ठरवले. मेट्रिक त्याच्याही नंतर रुळलं. त्यामुळे १९५०च्या दशकातल्या एकाच ब्रिटिश गाडीत दोन पद्धती सुखाने नांदतात. मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीची तऱ्हा तर याहून न्यारी. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच कंपनी कॉव्हेंट्रीत आली, ती आपली मेट्रिक यंत्रं घेऊन. मॉरिसने १९२३ मध्ये तो कारखाना विकत घेतला. आटे मेट्रिकच ठेवले, पण ब्रिटिश मेकॅनिककडचे पाने चालावेत म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची केली. हा संकर एमजीच्या टी मालिकेच्या इंजिनांतून १९५०च्या दशकापर्यंत पोचला. साध्या दुकानातला बोल्ट त्यात जोर लावून फिरवला की आटे गेले म्हणून समजा. असे चिरडलेले आटे बहुधा एखाद्या घाईतल्या ‘सुधारणे’ची खूण असतात.

गंजाचं प्रकरण आणखी गंभीर. बॉडी चासीवर ठेवलेली असे तोवर पत्र्याला भोक पडलं तरी गाडीची ताकद शाबूत राही. लान्चाची लॅम्ब्डा (१९२२) आणि सिट्रोएनची ट्रॅक्शन आव्हाँ (१९३४) यांनी दाखवलेली, पत्र्याचं कवचच सांगाड्याचं काम करेल अशी रचना युद्धानंतर सर्रास झाली. मग दरवाजांखालचे सिल गंजले की गाडीचा कणाच गेला. १९६० मध्ये ब्रिटनने दहा वर्षांवरच्या गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची केली. १९६१ मध्ये ही अट सात वर्षांवर आली, १९६७ मध्ये तीनवर. घराघरांतल्या पत्राकामाला खरी चालना मिळाली ती या कायद्याने, आणि लबाडीलाही. आत जाळी किंवा वर्तमानपत्राचा बोळा, वर लांबीचा (पुटीचा) लेप, त्यावर काळा रंग! आज तो बोळा उलगडून तारीख वाचणारे लोक आहेत. दुरुस्ती कधी झाली ते तेवढ्यावरून कळतं.

तारेला वायूचं आवरण देणारं मिग वेल्डिंग १९४०च्या दशकाच्या शेवटी निघालं. त्याचे लहान, घरगुती संच आले तेव्हा कुठे पातळ पत्रा न जाळता, न पिळवटता जोडणं हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. तोवर गॅसची ज्योत किंवा रिव्हेट, एवढंच. पण यंत्र आलं म्हणून समज येत नाही. आतून आधाराच्या सळया न लावता दोन्ही सिल कापले की गाडी मधून बसते आणि दरवाजे पुन्हा कधी लागत नाहीत. हा धडा प्रत्येक पिढी नव्याने गिरवते.

१९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या साच्यांवरून एमजीबी या स्पोर्ट्स गाडीची अख्खी नवी बॉडी बनवायला घेतली. गंजलेल्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, खुर्च्या काढायच्या आणि नव्या कोऱ्या कवचात बसवायच्या. ही दुरुस्ती झाली, की नवी गाडी? वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर त्या कवचातली गाडी रस्त्यावर धावते आणि गंजलेली, बापुडी होऊन कोपऱ्यात पडून राहत नाही, एवढं मला पुरे.

काही सुधारणा हौसेने झाल्या नाहीत, इंधनाने करायला लावल्या. १९२१ मध्ये थॉमस मिजलीने पेट्रोलात शिशाचं संयुग घालून इंधन अवेळी पेटून होणारी इंजिनाची ठोक थांबवली. त्या शिशाचा थर व्हॉल्व्ह सीटवर बसून तिची झीजही रोखत होता. शिशाचे दुष्परिणाम पुढे आल्यावर ते देशोदेशी बंद होत गेलं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीला साध्या विक्रीतून गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये अल्जीरियात थांबल्यावर मोटारींसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल जगातूनच संपलं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवणं हे त्यामुळे नित्याचं काम झालं. मग पेट्रोलात इथेनॉल आलं आणि जुने रबरी पाइप, डायफ्रॅम त्याने गळायला लागले. हेड मूळचं राहिलं नाही म्हणून नाक मुरडणाऱ्याने टाकीत मूळचं पेट्रोल आणून दाखवावं.

ब्रेकबद्दल तर मला वादच मान्य नाही. १९५३ मध्ये जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. अमेरिकेत दोन स्वतंत्र सर्किटांचे ब्रेक १९६८ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जात. व्होल्व्होच्या नील्स बोहलिनचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ चा. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तसेच ठेवणाऱ्या गाड्या या छंदाच्या सगळ्याच काळांत सापडतात, आणि ते चित्र बघायला बरं नसतं. दुसऱ्या टोकाला नुसती निकड. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्यापारबंदी घातल्यावर क्यूबातल्या अमेरिकन गाड्यांना सुटे भाग मिळेनात. तिथल्या शेव्हर्ले आणि ब्यूइकच्या बॉनेटखाली परक्या गाड्यांची डिझेल इंजिनं आली. तिथे मूळपणाचा प्रश्नच कुणाला पडला नाही.

बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, तेव्हा घरच्या मेकॅनिकचा खेळ संपला असं अनेकांना वाटलं. १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या गाड्यांना निदानाचं एकसारखं सॉकेट आलं आणि उलटंच झालं: स्वस्त यंत्र जोडून घरी दोष वाचता येऊ लागला. इग्निशनचे पॉइंट घासण्याऐवजी आता कंट्रोल युनिटमधले गळके कपॅसिटर डाग देऊन बदलायचे.

‘मूळ’ या शब्दाचा अर्थही बदलत गेला. पूर्वी स्पर्धांत कारखान्यातून निघाली नव्हती इतकी चकाकणारी गाडी जिंकायची. मग न रंगवलेल्या, चिरा पडलेल्या, पण हात न लागलेल्या गाड्यांना मान मिळू लागला. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या, जुन्या गाड्यांच्या प्रतिष्ठित सोहळ्यात हॉट रॉडसाठी स्वतंत्र गट आला. ज्यांच्यावर करवत चालवल्याबद्दल हळहळ व्हायची, त्या गाड्या हिरवळीवर उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये जग्वारने जुन्या ई-टाइपमध्ये विजेची मोटर बसवून दाखवली आणि हवं तर मूळचं इंजिन परत बसवता येईल असंही सांगितलं. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये अशा रूपांतराला पाठिंबा द्यायला नकार दिला. वाद विजेचा वाटतो, पण खरा मुद्दा परतीच्या वाटेचा आहे: नवं भोक न पाडता बसवलं का, आणि काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवले का.

चॅपमनने आपली पहिली लोटस १९५० मध्ये विकून टाकली. त्यानंतर ती कुठे गेली ते कळलेलं नाही; २०१८ मध्ये सत्तरीच्या निमित्ताने लोकांना आपापली गॅरेजं, गोठे, कोठारं धुंडाळायचं आवाहनही झालं. कदाचित ती केव्हाच भंगारात गेली असेल. किंवा एखाद्या निष्ठावंत हौशाने ते कुणीतरी ठोकलेलं बेढब प्लायवूड उपटून टाकलं असेल, महिनोन्‌महिने खपून योग्य मापाची बॉडी मिळवली असेल, आणि आज ती कुठेतरी १९२८ ची अस्सल ऑस्टिन सेव्हन म्हणून उभी असेल.