ब्लूज एकसुरी कसं ठरलं?

‘एक ऐकलं की सगळी ऐकली’ ही ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताबद्दलची तक्रार शेवटी एकाच शब्दावर येऊन थांबते: बारा बार. म्हणून सुरुवात त्या शब्दापासून.

बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो आणि तिथेच गोंधळ होतो. इथे १२ मात्रा नाहीत. बार म्हणजे खंड. असे चार-चार मात्रांचे १२ बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन आहे. पहिले ४ बार ‘सा’च्या कॉर्डवर (‘सा’वर उभारलेल्या, एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छावर), पुढचे दोन ‘म’वर, दोन परत ‘सा’वर, नववा ‘प’वर, दहावा बहुधा ‘म’वर आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. शब्दांच्या तीन ओळी: पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीने त्यांना उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळ तिच्या वाट्याच्या ४ बारांच्या आतच संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. कागदावर उतरतं ते एवढंच. गाणाऱ्याचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोन्हींच्या मधे लागतो, आणि दर वेळी जरा निराळ्या जागी. बाटलीची मान बोटात घालून तारेवरून घसरवायची ती याचसाठी. मींड ज्याच्या कानात मुरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पियानोच्या पट्ट्या मोजणाऱ्याला मात्र ३ कॉर्ड दिसतात, आणि तिथूनच तक्रार सुरू होते.

हा साचा मुळापासून होता का? मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर १९०३ च्या सुमारास एका बँडमास्तराने सुरी तारांवर दाबून गिटार वाजवणारा माणूस ऐकला, ही कथा ब्लूजच्या बहुतेक चाहत्यांना माहीत असते. ती छापली गेली १९४१ मध्ये, त्याच बँडमास्तरच्या आत्मचरित्रात. त्यातला माणूस एकच ओळ तीनदा म्हणतो. उत्तराची ओळ नाहीच. १९१२ मध्ये ब्लूज हे नाव मिरवणारी निदान ३ गाणी छापली गेली. त्यांतलं सर्वांत गाजलेलं गाणं आणि दोन वर्षांनी त्याच लेखणीतून उतरलेलं दुसरं, या दोन्हींत १२ बारांच्या शेजारी १६ बारांचे भाग आहेत. दुसऱ्यातला एक तुकडा तर टँगोच्या लयीत आहे. छापील ब्लूज जन्मला तोच मिश्र होता.

साच्याची खरी गाठ बसली ती तबकडीच्या धंद्यात. ऑगस्ट १९२० मध्ये न्यू यॉर्कमध्ये एका कृष्णवर्णीय गायिकेने गायलेली तबकडी धडाक्याने खपली आणि कंपन्यांना नवा ग्राहक सापडला. पुढच्या काही वर्षांत त्यांनी याद्याच वेगळ्या केल्या. कृष्णवर्णीय कलाकार ‘रेस’ म्हणजे वंश या शिक्क्याखाली, दक्षिणेतले गोरे कलाकार ‘हिलबिली’ (डोंगराळ भागातले गावंढे) किंवा ‘जुन्या चाली’ या शिक्क्याखाली. ‘रेस’ हा शब्द आज कानाला बोचतो. त्या काळातली कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रं तो स्वतःच्या समाजासाठी अभिमानाने वापरत होती, त्यामुळे निव्वळ शब्दावरून निवाडा करणं योग्य नाही. निवाडा करायचा तो विभागणीवर.

या विभागणीची बाजू घेणारे म्हणतात की ती झाली नसती तर हे आवाज तबकडीच्या मेणावर उतरलेच नसते. त्यात तथ्य आहे. पण तिची किंमत कोणी मोजली? दक्षिणेतला वादक शनिवारी रात्री नाचासाठी वाजवायचा तेव्हा वॉल्ट्झ, पोवाड्यासारखी लांब कथागीतं, रॅगटाइम (तुटक लयीचं पियानोचं संगीत), चर्चची गाणी, गाजलेली नाटकी गाणी, सगळं वाजवायचा, आणि पुष्कळदा गोऱ्यांच्या नाचालाही जायचा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्याच्याकडून मागितला जायचा तो ब्लूज. तोही नवा, कारण आधी छापलेलं गाणं घेतलं तर मानधन दुसऱ्याला द्यावं लागायचं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात तबकड्या विकणारा एक दुकानदार कंपन्यांसाठी कलाकार हेरायचा. माणसाकडे स्वतःची निदान ४ गाणी असली तरच तो त्याला पुढे पाठवायचा. चार नवी गाणी उभी करायची तर तीन ओळींचा तयार सांगाडा हाताशी असणं किती सोयीचं! त्यात १० इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम ३ मिनिटांची. मध्यम लयीत एक आवर्तन अर्ध्या मिनिटाचं, म्हणजे पाच-सहा कडव्यांत बाजू संपली. रात्रभर नाचणाऱ्यांसमोर जे गाणं पंधरा मिनिटं वाढत जायचं, त्याचा आपल्या हाती आला तो एवढा तुकडा.

ही माणसं ब्लूजखेरीज पुष्कळ काही गात-वाजवत होती, याचा पुरावा १९४१-४२ च्या एका पाहणीत आहे. नॅशव्हिलमधलं एक कृष्णवर्णीय विद्यापीठ आणि वॉशिंग्टनमधलं राष्ट्रीय ग्रंथालय यांनी मिळून मिसिसिपीतल्या कोआहोमा परगण्यात लोक नेमकं काय गातात आणि ऐकतात याची नोंद घेतली. स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुण गवयाच्या गाण्यांची यादी त्यांनी केली. तिच्यात ब्लूज होताच, पण काउबॉय चित्रपटांतल्या एका गोऱ्या गायक-नायकाची गाणीही भरपूर होती. त्याच परगण्यातल्या क्लार्क्सडेल गावच्या ज्यूकबॉक्सांमध्ये (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रांत) मोठ्या स्विंग, म्हणजे नाचाच्या जॅझ वाद्यवृंदांच्या तबकड्या होत्या. हाच गवई पुढे शिकागोला जाऊन ब्लूजचा जणू चेहरा झाला आणि काउबॉयची ती गाणी त्याच्या नावामागून पुसली गेली. पाहणीचे कागदही कित्येक दशकं बाजूला पडले होते. त्यांतले महत्त्वाचे लेख पुस्तकरूपाने आले २००५ मध्ये. ‘हे लोक दुसरं काही गातच नाहीत’ हा समज तोवर पक्का होऊन बसला होता. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हे.

ज्या तबकड्या निघाल्या त्यांतही वैविध्य कमी नव्हतं. ८ बारांचे ब्लूज १९२८ पासून लोकप्रिय होते. मिसिसिपीच्याच बेंटोनिया गावातल्या एकाने १९३१ मध्ये गिटार मायनर (कोमल गंधाराच्या) कॉर्डला लावून जे गायलं, त्याचा सूर डेल्टा या मिसिसिपीच्या सपाट कापूसपट्ट्यातल्या कोणाशी जुळत नाही. पूर्व किनाऱ्याच्या बाजूला बोटांनी वाजवलेली गिटार रॅगटाइम पियानोसारखी खळखळते. टेक्सासच्या गवयांना वाटलं तर आवर्तन ११ बारांत संपे, नाहीतर १३ व्या बारावर रेंगाळे.

१९४२ मध्ये दोन दणके बसले. तबकडीतली लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जायची. युद्धामुळे तिचा पुरवठा तुटला आणि अमेरिकन सरकारने लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली. त्याच वर्षी वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. धंदा सावरला तोवर लाखो माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली होती आणि गिटारला वीज लागली होती. जून १९४९ मध्ये संगीताच्या धंद्यातल्या एका साप्ताहिकाने आपल्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीवरचं ‘रेस’ खोडून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं.

साचा घट्ट झाला तो त्यानंतर, आणि त्यात ऐकणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तो ट्रॅक्टरवाला गवई १९५८ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा तिथल्या मंडळींना विजेची गिटार कर्कश वाटली. त्यांना शेतातला साधा ब्लूज हवा होता. पुढच्या खेपेला तो साधी गिटार घेऊन आला, तोवर श्रोत्यांना विजेची हवी झाली होती. १९६४ मध्ये मँचेस्टरमधल्या एका बंद रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा फलाट अमेरिकेच्या दक्षिणेसारखा दिसावा म्हणून खोकी आणि कोंबड्या आणून ठेवल्या होत्या. याच वर्षांत तिथल्या पोरांनी बँड काढले. एकमेकांना न ओळखणारे चार वादक एका रंगमंचावर आले की सगळ्यांना ठाऊक असलेला आराखडा लागतो, आणि तो १२ बारांचा होता. अशा आयत्या वेळच्या बैठकीत, जॅममध्ये, ११ बारांचा लहरीपणा चालत नाही. गिटार शिकवणाऱ्या पुस्तकांतही हाच आराखडा पहिल्या पाठात आला. आज जो ब्लूज एकसुरी वाटतो, तो बहुतेक वेळा या शिकवणीतून आलेला असतो.

पुढे मानमरातब आले. अमेरिकन सिनेटने २००३ हे ब्लूजचं वर्ष ठरवलं, टटवाइलरच्या कथेला १०० वर्षं झाली म्हणून. मुंबईत वांद्र्याच्या एका जुन्या चित्रपट स्टुडिओत फेब्रुवारी २०११ मध्ये ब्लूज महोत्सव सुरू झाला. शिकागोचे बुजुर्ग तिथे गायले आणि अनेक मराठी कानांनी हे संगीत समोरासमोर पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

उत्तर मिसिसिपीतल्या टेकड्यांचा ब्लूज मात्र या हिशेबात कधी बसला नाही. होली स्प्रिंग्जच्या आसपास गाणं एकाच कॉर्डवर चालतं, दहा-दहा मिनिटं. तिथे ‘म’ येत नाही आणि ‘प’ही येत नाही, त्यामुळे बार मोजून हाती काही लागत नाही. गिटारचा एक तुकडा फिरत राहतो, ढोल हळूहळू पुढे सरकतो, गाणारा ओळ अर्ध्यात सोडून देतो आणि ती तारेवर पुरी होते. रविवारी रात्री जिथे अशी बैठक भरायची तो चुलाहोमाचा अड्डा २००० मध्ये जळाला. तिथल्या कुटुंबांतली पुढची पिढी अजून तसंच वाजवते.