सेंट लुईसचा उन्हाळा: रेडिओवर बेसबॉल, परसात टोमॅटो

अमेरिकेच्या मध्यभागी, मिसिसिपी आणि मिझुरी नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या सेंट लुईसमध्ये जुलै-ऑगस्टची संध्याकाळ ठरलेली असते. रेडिओवर कार्डिनल्स या शहराच्या बेसबॉल संघाची मॅच, परसात काठीला बांधलेले टोमॅटो, निखाऱ्यांवर पोर्क स्टेक, आणि पश्चिमेकडे ढग दाटले की ‘मॅच होतेय का आज?’ ही चौकशी. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आजी-आजोबांच्या काळापासून हे असंच चालू आहे. बरोबर आहे. पण त्याच्या फार मागे जाता येत नाही. ही घडी बसली ती प्रामुख्याने १९२० ते १९४५ या पंचवीस वर्षांत, आणि ती बसवण्यात हौसेइतकाच सरकारी फतव्यांचा वाटा होता.

सुरुवात उकाड्यापासून करायला हवी. १९६६च्या जुलैत इथे बेसबॉलचा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंचा सामना झाला तेव्हा पारा १०५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साडेचाळीस सेल्सिअसच्या आसपास होता. विदर्भातल्या वाचकाला यात विशेष काही वाटणार नाही, पण त्याने मुंबईच्या मे महिन्यातला दमटपणाही हिशेबात धरावा. १९३६च्या जुलैतल्या उष्णतेच्या लाटेत घरं इतकी तापली की लोक अंथरुणं घेऊन फॉरेस्ट पार्कच्या हिरवळीवर झोपायला जात. एअर कंडिशनर घरोघरी यायला अजून बराच अवकाश होता. दिवस मावळला की माणसं पायरीवर, ओट्यावर, परसात येऊन बसत. रेडिओ त्यांना तिथेच सापडला.

बेसबॉलचं पहिलं रेडिओ समालोचन ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून झालं. संघमालकांना ही भानगड नको होती. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तीन संघांनी तर १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं समालोचनावर बंदीच घातली. सेंट लुईसचं गणित मात्र वेगळं होतं. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतलं ते त्या वेळचं सर्वांत पश्चिमेचं आणि सर्वांत दक्षिणेचं शहर. त्यापलीकडे शेकडो मैल संघच नाही. त्यामुळे आर्कान्सा, ओक्लाहोमा, टेनेसी इथल्या शेतकऱ्यांनाही जवळचा संघ म्हणजे कार्डिनल्स. मैदान जन्मात न पाहिलेली माणसं त्या संघाची झाली ती रेडिओमुळे. आजही त्या भागात कार्डिनल्सच्या लाल टोप्या दिसतात त्याचं मूळ इथे आहे.

मग युद्ध आलं. पर्ल हार्बरनंतर बेसबॉल बंद ठेवायचं का, असा प्रश्न लीगच्या आयुक्तांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना विचारला. १५ जानेवारी १९४२च्या उत्तरात रूझवेल्टनी खेळ चालू ठेवावा असं तर कळवलंच, शिवाय रात्रीच्या मॅचेस वाढवा, म्हणजे दिवसपाळीच्या कामगारांनाही त्या बघता येतील, असंही सुचवलं. सेंट लुईसच्या स्पोर्ट्समन्स पार्क या मैदानावर १९४०पासूनच दिवे होते. फेब्रुवारी १९४२पासून देशभराची घड्याळं बारा महिने एक तास पुढे ठेवण्यात आली. या वेळेला ‘वॉर टाइम’ म्हणत. कामावरून परतलेल्या माणसाच्या हाती त्यामुळे उजेडाचा एक तास जास्त लागला. तो बहुतेक परसात गेला.

‘व्हिक्टरी गार्डन’ ही घरोघरी भाज्या पिकवण्याची मोहीम खरं म्हणजे पहिल्या महायुद्धातली, ती दुसऱ्यात पुन्हा बाहेर काढली. शेतीखात्याला आधी शंकाच होती: हौशी लोक बी-बियाणं आणि खत वाया घालवतील. पण १ मार्च १९४३पासून डबाबंद भाज्या-फळांवर रेशन आलं, निळी कुपनं मोजून द्यावी लागू लागली, आणि शंका आपोआप मिटली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टनी व्हाइट हाउसच्या हिरवळीतही वाफा काढायला लावला. देशात अशा सुमारे २ कोटी बागा झाल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. त्यांत टोमॅटो नसलेली बाग विरळाच.

टोमॅटोच का, याचं उत्तर बरणीत आहे. धातूच्या फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी जॉन मेसनने १८५८मध्ये पेटंट केली होती. टोमॅटो मुळात आंबट, म्हणून प्रेशर कॅनर (बरण्यांसाठीचा मोठा प्रेशर कुकर) नसला तरी नुसत्या उकळत्या पाण्यात त्याची बरणी बंद करता येते. शेंगा किंवा मका तशा भरल्या तर विषबाधेचा धोका. दक्षिण कॅरोलायनात १९१०मध्ये मुलींचे ‘टोमॅटो क्लब’ निघाले होते. प्रत्येकीने एक दशांश एकरात टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे आणि विकायचे. त्यामुळे ही कला खेड्यापाड्यांत आधीच पोचलेली होती. आपल्याकडे पावसाआधी वाळवणं उरकतात, तसं तिथे हिवाळ्याआधी हे. फळं क्षणभर उकळत्या पाण्यात सोडायची, लगेच गार पाण्यात टाकली की साल बोटाने सुटते. दाबून बरणीत भरायची, वर अर्धा इंच जागा ठेवायची, काठ पुसायचा, झाकण लावून बरण्या पाण्यात बुडवून उकळायच्या. बाहेर काढून ठेवल्या की निवता निवता झाकणाचा मध्य आत ओढला जातो आणि टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही, तर ती बरणी त्याच आठवड्यात संपवायची. बाहेर शंभर फॅरनहाइट आणि घरात हे उकळतं पातेलं; मॅचचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत मोठा ठेवण्याला एवढं कारण पुरेसं आहे. साखरेवर १९४२च्या मेपासून रेशन होतं, पण अशा साठवणीसाठी जादा साखर मिळे. टंचाई होती ती झाकणांच्या धातूची आणि रबरी कड्यांची.

या सगळ्यात हवामानाची गंमत वेगळीच. अमेरिकेत वारं-पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. आज सेंट लुईसवर असलेले ढग दोनेक दिवसांत अटलांटिक किनाऱ्यावर पोचू शकतात, आणि तिथे जर्मन पाणबुड्या टपलेल्या. म्हणून रेडिओवर हवामान सांगायला सेन्सॉरने मनाई केली. बेसबॉलच्या समालोचकाची पंचाईत झाली: पावसाने खेळ थांबला तर श्रोत्यांना कारण काय द्यायचं? सेंट लुईसचा समालोचक होता डिझी डीन, १९३४मध्ये एकाच मोसमात ३० सामने जिंकलेला कार्डिनल्सचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू), जिभेला हाड नसलेला माणूस. मॅच का थांबलीय हे कळत नसेल तर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघा, असं त्याने श्रोत्यांना सांगितलं, ही कथा तिथे अजून चवीने सांगतात. १९४४ साली तर वर्ल्ड सिरीज या मोसमाच्या अंतिम मालिकेत कार्डिनल्स आणि ब्राउन्स हे सेंट लुईसचेच दोन्ही संघ समोरासमोर आले. मैदानही दोघांचं एकच. कार्डिनल्सनी ४-२ने बाजी मारली.

युद्ध संपलं आणि बहुतेक बागा बघता बघता ओस पडल्या. फ्रीझर आला, सुपरमार्केट आलं. बाकीच्या भाज्या दुकानातून येऊ लागल्या. टोमॅटो तेवढा परसात टिकला, कारण दूरवरून कच्चा तोडून आणलेल्या फळाला ती चव नाही. १९५२मध्ये शिकागोजवळ वेबर कंपनीची झाकणाची गोल शेगडी निघाली आणि पुरुषमंडळी परसात स्वयंपाक करू लागली, एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारीसुद्धा. एसीने मात्र ओट्यावरची माणसं आत नेली.

आता अडचण रात्रीच्या तापमानाची आहे. दिवस बत्तीस-पस्तीस सेल्सिअसच्या वर आणि रात्र चोविसाच्या खाली उतरत नसेल, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळून पडतात. कुठे कोणती झाडं तगतील याचे पट्टे दाखवणाऱ्या, शेतीखात्याने २०२३मध्ये काढलेल्या नव्या नकाशात जवळपास निम्मा देश अर्ध्या पट्ट्याने उबदार विभागात सरकला आहे. हा नकाशा हिवाळ्यातल्या थंडीवर आखतात, उन्हाळ्याचा अंदाज त्यातून थेट मिळत नाही. पण रोप कधी लावावं याचे आजोबांचे आडाखे आता जसेच्या तसे चालतील, असं कुणी म्हणत नाही.

२०२०मध्ये करोनामुळे मोसम २३ जुलैला सुरू झाला, तोही रिकाम्या मैदानांत, प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गलबला लावून. संघात साथ शिरल्याने कार्डिनल्सचा खेळ दोन आठवड्यांहून अधिक थांबला. नंतर शिकागोची मॅच गाठायला ते ४१ भाड्याच्या गाड्यांतून वेगवेगळे गेले. त्याच वसंतात बियाण्यांची मागणी इतकी उसळली की कंपन्यांना काही दिवस नव्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये टोमॅटो पिकले तेव्हा दुकानांत बरण्यांची झाकणं मिळेनाशी झाली, आणि ही टंचाई पुढच्या वर्षीही पुरती सरली नाही.