घरमालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूचे हक्क (महाराष्ट्र)

भाड्याने दिलेलं घर राहण्याजोगं ठेवणं ही महाराष्ट्रात घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि त्याने ती टाळली तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकतो. हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये आहे, हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधीच्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही असाच हक्क होता, तरी चाळीत अख्खा जन्म काढलेल्या लोकांनाही तो माहीत नसतो याचं फार वाईट वाटतं. मात्र दुरुस्ती भाडेकरूनेच करायची असं त्याने करारात मान्य केलं असेल तर हे कलम उपयोगी पडत नाही, म्हणून सही करायच्या आधी ती ओळ आहे का ते बघून घ्यायचं.

पद्धत अशी की आधी घरमालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, एकट्याने किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून. तोंडी सांगून काही उपयोग नाही, पोस्टाने पाठवायची आणि पावती जपून ठेवायची. वाजवी वेळ देऊनही मालक हलला नाही तर काम सुरू करता येतं. आता खरी महत्त्वाची गोष्ट, भाडेकरूने ठेवलेला हिशोब आणि व्हाउचर हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो, म्हणजे मिस्त्रीला रोख पैसे दिले तरी साध्या कागदावर का होईना पण तारीख आणि सही घ्यायचीच, सिमेंट, पाइप, वॉटरप्रूफिंगची दुकानाची बिलं एकत्र लावून ठेवायची, आणि स्लॅबचं प्लास्टर पडलंय तिथले कामाआधीचे फोटो काढून ठेवले तर अजून बरं.

पण एका वर्षात जास्तीत जास्त त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश एवढीच रक्कम कापता किंवा वसूल करता येते. समजा पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोलीचं भाडं महिना ४०० रुपये आहे, तर वर्षाचे झाले ४,८०० आणि कापता येणार १,२००, एवढ्यात छताची गळती थांबत नाही. माझ्या मते या कलमाची सगळ्यात दुबळी बाजू हीच. आणि चिडून सगळंच भाडं बंद करू नये, थकबाकीची नोटीस येऊन ९० दिवस उलटले की मालकाला घर खाली करून घेण्याचा दावा लावता येतो. दुरुस्तीच्या नावाखाली मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमचं बांधकाम केलं तरी तेच संकट, लाकडी पार्टिशन किंवा किचनचा ओटा मात्र त्यात धरत नाहीत.

मुंबई शहरातल्या ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या), म्हणजे लोकांच्या भाषेत सेसच्या इमारतींसाठी वेगळी सोय आहे. तिथली मोठी दुरुस्ती म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करतं, तिथे अर्ज करता येतो. दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी येते, मग लोकांना संक्रमण शिबिरात हलवतात आणि काही कुटुंबांची तिथेच कित्येक वर्षं निघून जातात.

काही मालक इमारत मुद्दाम सडू देतात, म्हणजे पालिकेची नोटीस येईल आणि भाडेकरू आपोआप जातील. पण इमारत पडली किंवा पालिकेने पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट किंवा साफसफाई योग्य कारणाशिवाय बंद करणंही कलम २९ खाली गुन्हा आहे. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात जातात.

११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक काळ राहायची फक्त परवानगी देणाऱ्या करारावर राहणाऱ्याची गोष्ट वेगळी, तो कायद्याने भाडेकरू नसतो त्यामुळे कलम १४ त्याला लागू होत नाही आणि सगळं करारावर येतं. गळती, प्लंबिंग, गीझर कोण बघणार हे त्यातच लिहून घ्यावं लागतं. करार रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तो लेखी आणि रजिस्टर केलेला नसेल तर कलम ५५ नुसार अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.