ओपन सोर्स लायब्ररीतलं ऑथेंटिकेशन फेल्युअर

ऑथेंटिकेशन फेल्युअर म्हणजे प्रोग्रामने लायब्ररीमार्फत (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड) सर्व्हरला आपली ओळख पटवायचा प्रयत्न केला आणि सर्व्हरने ती मानली नाही. ओळख पासवर्डची असेल, टोकनची (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त अक्षरमाला) किंवा एसएसएच की ची (दूरच्या मशीनमध्ये सुरक्षित लॉगिन करायची डिजिटल किल्ली). स्क्रीनवर बहुतेक वेळा 'लॉगिन फेल्ड' एवढंच येतं आणि माणूस पासवर्ड परत परत टाईप करत बसतो, पण तोच पासवर्ड आत्ताच ब्राउझरमध्ये चालला असेल तर तो बरोबरच आहे, गडबड मधल्या वाटेत कुठेतरी झालीये आणि ती वाट लायब्ररीच्या ताब्यात असते.

मेसेज इतका मोघम ठेवतात तो मुद्दाम. 'असा युजरच नाही' आणि 'पासवर्ड चुकला' अशी दोन वेगळी उत्तरं दिली की हल्ला करणाऱ्याला खरे युजरनेम गोळा करता येतात. २०१८ मध्ये ओपनएसएसएच या एसएसएच लॉगिनच्या सॉफ्टवेअरमध्ये असाच दोष सापडला होता, खऱ्या आणि खोट्या युजरला सर्व्हरचा प्रतिसाद वेगळा पडायचा आणि त्यावरून कुठला युजर खरा ते कळायचं. त्यामुळे खरं कारण क्लायंटला (जोडणी मागणाऱ्या प्रोग्रामला) कळत नाही, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) असतं, तो बघायला मिळाला तर निम्मं काम झालंच समजा.

वेबवर निदान एररचा आकडी कोड तरी मिळतो. ४०१ म्हणजे तू कोण ते पटलं नाही, ४०३ म्हणजे विनंती कळली पण परवानगी नाही. ४०१ चं अधिकृत नाव 'अनऑथोराइज्ड' (परवानगी नसलेला) असल्यामुळे खूप जणांचा गोंधळ होतो, कारण तो कोड खरं तर ऑथेंटिकेशनचा, म्हणजे ओळख पटण्याचा आहे.

काल चालणारा कोड आज एकही ओळ न बदलता बंद पडला तर बऱ्याचदा समोरच्याने नियम बदललेला असतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलं, टोकन किंवा एसएसएच की लागते. गुगलने ३० मे २०२२ पासून जीमेलला साध्या पासवर्डने जोडणाऱ्या ॲप्सची सोय काढायला घेतली आणि कितीतरी मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टना ५३५ (लॉगिन नाकारल्याचा) एरर यायला लागला, तिथे १६ अक्षरी ॲप पासवर्ड किंवा ओऑथ (ॲपला पासवर्ड न देता परवानगी द्यायची पद्धत) वापरावं लागतं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.० व्हर्जनने २०१८ मध्ये पासवर्ड तपासायची डीफॉल्ट पद्धतच बदलली, तेव्हा जुन्या क्लायंट लायब्ऱ्यांना ती येतच नव्हती. पण सगळ्यात चकवणारं उदाहरण आरएसए की चं, हा एसएसएच की चा एक प्रकार. ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये एसएचए-१ वाली सही (की आपल्याकडे आहे हे सिद्ध करायची जुनी पद्धत) डीफॉल्टमधून काढली, आणि पायथनची पॅरामिको ही एसएसएच लायब्ररी २.९ च्या आधी आरएसए की ने फक्त तशीच सही करायची. की बरोबर, परमिशन बरोबर, तरी 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र की चा प्रकार स्वीकारलेल्या यादीत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. पॅरामिको २.९ ने नवीन सही आणली, तर मग काही जुने सर्व्हर अडायला लागले, आणि तिथे नवीन अल्गोरिदम हाताने बंद करायची वेळ आली.

दुसरा मोठा गट म्हणजे आपण दिलेली ओळख वाटेतच बदलते किंवा गळते. पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेब लायब्ररीमध्ये तुम्ही ऑथोरायझेशन हेडर (विनंतीसोबत ओळख नेणारी ओळ) स्वतः लिहून दिला, पण होम फोल्डरमधल्या नेटआरसी फाइलमध्ये (यात सर्व्हरनुसार लॉगिन साठवलेले असतात) त्याच होस्टची, म्हणजे सर्व्हरची, नोंद असली, तर लायब्ररी फाइलमधली ओळख पाठवते आणि तुमचं टोकन जातच नाही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे पण ते वाचेपर्यंत दिवस गेलेला असतो. रीडायरेक्ट होऊन दुसऱ्या होस्टवर गेलं की तीच लायब्ररी तो हेडर काढून टाकते, आणि ते योग्यच आहे, नाहीतर टोकन भलत्याच्या हाती जाईल. अपाची वेब सर्व्हर आणि त्याला पायथन जोडणाऱ्या मॉड-डब्ल्यूएसजीआयच्या मागे पायथन ॲप असेल तर वेगळी सेटिंग चालू केल्याशिवाय हा हेडर ॲपपर्यंत पोचत नाही. टर्मिनलमध्ये एको कमांड वापरून पासवर्डचं बेस६४ (मजकूर साध्या अक्षरांत बदलायची पद्धत) केलं की शेवटी न दिसणारी नवी ओळ चिकटते आणि ओळख चुकते. देवनागरी पासवर्ड तर रिक्वेस्ट्सच्या बेसिक ऑथमध्ये (युजरनेम-पासवर्ड हेडरमधून द्यायची साधी पद्धत) पाठवायच्या आधीच एनकोडिंग एरर देतो, कारण ती लायब्ररी मजकुराला लॅटिन-१ (देवनागरी नसलेलं एनकोडिंग) समजते, आपणच आधी यूटीएफ-८ (देवनागरी असलेलं एनकोडिंग) बाइट्स करून द्यावे लागतात.

घड्याळ तपासायला तर कुणाला सुचतच नाही, पण दोन्हीकडची वेळ जुळली नाही तरी ओळख नाकारली जाते. केर्बेरोस या नेटवर्क लॉगिनच्या पद्धतीत दोन मशीनच्या वेळेत डीफॉल्ट ५ मिनिटांपर्यंतच फरक चालतो, ओटीपी ॲपचा कोड साधारण ३० सेकंदांनी बदलतो, आणि जेडब्ल्यूटी टोकन (ज्यात वैधतेची वेळ लिहिलेली असू शकते) सर्व्हरचं घड्याळ जरा मागे असलं तरी 'अजून वैध नाही' म्हणून परत येऊ शकतं.

याच्या उलटा प्रकारही घडलाय आणि तो जास्त भीतीदायक आहे, म्हणजे फेल व्हायला हवं तिथे न होणं. ऑक्टोबर २०१८ मध्ये लिबएसएसएच या एसएसएच लायब्ररीमध्ये सापडलं की क्लायंटनेच सर्व्हरला 'ऑथेंटिकेशन यशस्वी' असा मेसेज पाठवला तर लायब्ररी तो मान्य करून आत घ्यायची, पासवर्ड न विचारता. ०.७.६ आणि ०.८.४ मध्ये ते दुरुस्त झालं.

लायब्ररीच्या इश्यू ट्रॅकरवर (तक्रारी नोंदवायच्या पानावर) असा बग टाकताना लायब्ररीचं आणि सर्व्हरचं व्हर्जन, ऑथची पद्धत आणि डीबग लॉग द्यावा, पण लॉगमधला ऑथोरायझेशन हेडर आधी काढावा. बेसिक ऑथमधला मजकूर विचित्र दिसला तरी ते फक्त बेस६४ आहे, कुणीही एका कमांडमध्ये उलगडून पासवर्ड वाचू शकतो, आणि चुकून टाकलाच असेल तर पोस्ट एडिट करून भागत नाही, पासवर्ड किंवा टोकन लगेच बदलावं लागतं.