जुना नंबर नव्या गाडीला घेणे (नाशिक)

आपल्या जुन्या वाहनाचा नोंदणी क्रमांक नव्याने काढलेल्या गाडीवर पुढे चालू ठेवण्याच्या प्रथेला किंवा इच्छेला बोलीभाषेत ‘नंबर घेणे’, ‘नंबर राखणे’ असे म्हणतात. नाशिक शहर आणि परिसरातील वाहनांना ‘एमएच १५’ हा संकेत मिळतो. जिल्ह्यातच मालेगावच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचा संकेत ‘एमएच ४१’ आहे. गाडीच्या ओळखीसाठी लोक ‘पासिंग’ हा शब्द वापरतात. ‘पंधरा पासिंग’ म्हटले की गाडी नाशिकची हे सांगावे लागत नाही.

या विषयात तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. पहिली, जुनी पाटी उचलून नव्या गाडीला लावणे. दुसरी, जुना संपूर्ण क्रमांक कायदेशीरपणे नव्या गाडीच्या नावे करून घेणे. तिसरी, चालू मालिकेतून, म्हणजे त्या वेळी दिल्या जाणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकांतून, तेच चार आकडे निवडून घेणे. पहिली गोष्ट गुन्हा आहे, दुसरी राज्याच्या नियमांवर अवलंबून आहे आणि तिसरी नाशिकमध्ये दररोज होते. ‘मला माझा जुनाच नंबर मिळाला’ असे जो सांगतो, त्याने बहुतेक वेळा ही तिसरी वाट धरलेली असते.

क्रमांक कोणाचा?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ नुसार नोंदणी प्राधिकारी क्रमांक देतो तो वाहनाला, आणि तोही त्या वाहनावर लावण्यासाठी. मालकाचे नाव नोंदीत येते, पण क्रमांकाची गाठ चॅसिस आणि इंजिनाच्या क्रमांकाशी बांधलेली असते. म्हणून गाडी विकली की क्रमांक तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. वडिलांनी वीस वर्षे जपलेला आकडा विकत घेणाऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो, तेव्हा घरच्यांना चुटपुट लागते. ती खरी असते आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण कायद्याच्या नजरेत तो आकडा घराण्याचा कधीच नव्हता.

गाडी नाशिकहून पुण्याला नेली तरी क्रमांक बदलत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर मात्र कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. सतत बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका सुरू झाली. तिच्यातही क्रमांक गाडीबरोबरच फिरतो, मालकाबरोबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जात नाही.

सध्याची पद्धत १९८९ मध्ये आली. त्याआधी महाराष्ट्रात ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असे क्रमांक असत. तसा क्रमांक मिरवणारी एखादी जुनी मोटार किंवा स्कूटर पंचवटीत कधीतरी दिसते आणि माणसे मान वळवून पाहतात. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ ही वेगळी मालिका ठरली, पण आधीच नोंदलेल्या अशा वाहनांना मूळ क्रमांक ठेवता येतो. जुना क्रमांक जपण्याची ही रीत कायद्याने मान्य केलेली आहे, कारण तिथे गाडीही जुनीच असते.

पाटी उचलून लावणे

हे करू नये. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या वाहनाला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘एचएसआरपी’, बंधनकारक आहे. ही पाटी नीट न्याहाळली तर ती केवळ रंगवलेला पत्रा नाही हे लगेच कळते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर डाव्या कडेला वर अशोकचक्राचा चकाकता चौकोनी होलोग्राम आहे, वीस मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद. त्याच्या खाली लेझरने कोरलेला बारीक अनुक्रमांक आहे, तो बोटाने घासून पुसला जात नाही. उठावाच्या अक्षरांवर तिरकी, बारीक ‘इंडिया’ अशी छपाई आहे. पाटी गाडीला बसते ती एकदाच बसणाऱ्या लॉकने. ते स्क्रूसारखे उलटे फिरवून निघत नाही, काढायला गेले की तुटते. चारचाकीच्या समोरच्या काचेवर याच नोंदीचे आणखी एक चिकटपत्र असते. डिझेलच्या गाडीला ते नारिंगी आणि पेट्रोल किंवा सीएनजीच्या गाडीला फिकट निळे. त्यावर इंजिन आणि चॅसिसचा क्रमांकही असतो. जुनी पाटी नव्या गाडीवर बसवली तरी काच वेगळेच सांगते.

नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. दुसऱ्या गाडीचा क्रमांक लावणे त्याहून गंभीर आहे. फसवणूक आणि बनावटीची कलमे लागू शकतात. त्यात नाशिककराला रोजचा धोका वेगळाच. घोटी किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर फास्टॅग एक गाडी सांगतो आणि पाटी दुसरी. विमा कंपनीकडे तिसरीच नोंद. अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यात हा घोळ निस्तरता निस्तरत नाही.

उलट गोष्टीचाही गोंधळ होतो. २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ही सुरक्षा पाटी बसवणे बंधनकारक झाले. ३१ मार्च २०२५ ही पहिली मुदत पुढे अनेकदा वाढली. दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी, असे दर ठरले. इथे नंबर तोच राहतो, पाटी तेवढी नवी येते. जुन्या गाडीचा क्रमांक बदलेल या भीतीने मुदत चुकवणाऱ्यांची धास्ती अनाठायी होती.

तेच आकडे, नवी मालिका

नाशिकमध्ये रुळलेली वाट हीच. जुनी गाडी १२१२ किंवा ७०७ असेल, तर नव्या गाडीसाठी चालू मालिकेत तोच आकडा शोधायचा. अक्षरे बदलतात, चार आकडे राहतात, आणि घरच्यांच्या, ओळखीच्यांच्या लक्षात तेवढेच असतात. आकडे निवडण्याला ‘चॉईस नंबर’ म्हणतात. कुणाला जन्मतारीख हवी असते, कुणाला बेरीज नऊ यायला हवी, कुणाला भावाच्या गाडीशी जुळणारा आकडा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या घरी ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटार या तिन्हींवर एकच आकडा दिसतो, तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांची चिकाटी असते.

पेठ रोडवरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय नवी मालिका सुरू होण्याआधी जाहीर करते. निवडलेल्या क्रमांकासाठी ठरलेले शुल्क भरून अर्ज करायचा. एकाच क्रमांकाला एकापेक्षा जास्त अर्ज आले, तर शुल्काहून जादा रक्कम जो देईल त्याला तो क्रमांक. अनेक वर्षे हे बंद पाकिटातल्या धनाकर्षाने, म्हणजे डिमांड ड्राफ्टने, होत असे. आपले पाकीट उघडेपर्यंत शेजारच्याने किती लिहिले हे कळत नसे, म्हणून लोक अंदाजाने रक्कम फुगवून टाकत. पुढे ही प्रक्रिया ऑनलाइन झाली. क्रमांक राखला तरी गाडीची नोंदणी ठरलेल्या मुदतीत व्हावी लागते. मुदत उलटली की क्रमांक हातचा जातो, म्हणून गाडी मिळायची तारीख पक्की होण्याआधी घाईने पैसे भरू नयेत.

३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने हे शुल्क वाढवले. चारचाकीच्या ०००१ साठी तीन लाखांचे पाच लाख झाले. मुंबई-पुण्यासारख्या जादा मागणीच्या ठिकाणी चाराचे सहा लाख. तिथे चालू मालिकेबाहेरून ०००१ हवा असेल तर अठरा लाख. याच अधिसूचनेने असा आकर्षक क्रमांक पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांच्या नावे करण्याची मुभा दिली. आधी तिला मनाई होती. घराण्याचा आकडा घरात राहावा असे वाटणाऱ्यांसाठी या बदलाचे मोल शुल्कवाढीपेक्षा जास्त आहे.

नव्या पाटीने एक हौस मात्र संपवली. ४१४१ चे इंग्रजी आकडे वळवून ‘दादा’ लिहायचे, ८०५५ चे ‘बॉस’ करायचे, २१४ चे ‘राम’, ही कला सिडको-सातपूरच्या रस्त्यांवर घरोघरची होती. अक्षराचा घाट, उंची आणि अंतर आता नियमाने बांधलेले आहे, आणि पाटीवर रोमन अक्षरे व इंग्रजी आकडेच चालतात. ४१४१ अजूनही मागितला जातो, पण त्यातला ‘दादा’ आता बघणाऱ्याने मनात वाचायचा.

संपूर्ण क्रमांक राखणे

अक्षरांसह जुना क्रमांक नव्या गाडीला मिळणे, ही सोय देण्याचा अधिकार राज्यांच्या नियमांत आहे. दिल्लीत परिवहन विभागाकडे क्रमांक राखण्याची सेवा आहे. परदेशात रीती आणखी वेगळ्या. ब्रिटनमध्ये ८० पौंड भरून गाडीवरचा क्रमांक उतरवून घेता येतो आणि त्याचे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. अट अशी की त्या क्रमांकाने गाडी आहे त्याहून नवी दिसता कामा नये. अमेरिकेत न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडासारख्या राज्यांत पाटी विकणाऱ्याकडे राहते आणि त्याच्या पुढच्या गाडीला लागते, तर कॅलिफोर्नियात सर्वसाधारण पाटी गाडीबरोबर जाते. तिकडचे ऐकून नाशिकमध्ये पाटी काढून ठेवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. दिल्लीच्या नातेवाइकाचा दाखलाही पेठ रोडच्या खिडकीवर चालत नाही. जुना क्रमांक पूर्ण हवा असेल, तर गाडी विकण्याच्या किंवा मोडीत काढण्याच्या आधी कार्यालयात लेखी विचारणा करावी. गाडी दुसऱ्याच्या नावे झाल्यावर क्रमांक मागणे म्हणजे विकलेल्या घराचे दार मागणे.

काय खरोखर बरोबर येते

क्रमांक येवो न येवो, जुन्या गाडीतून नव्या गाडीत हक्काने येणारी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. विम्यातला ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर ही सूट तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येते. चॉईस नंबरसाठी हजारो रुपये मोजणारा माणूस हे फुकटचे पत्र घ्यायला विसरतो, हे पाहून जीव हळहळतो.

जुना क्रमांक सोडतानाही काळजी हवी. विक्रीनंतर फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण करावे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. कागद अर्धवट राहिले की नव्या मालकाचे ई-चलान जुन्याच्या मोबाइलवर येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेलेली असो. जुना फास्टॅगही बंद करावा. नव्या गाडीला नवाच लागतो.

मुहूर्ताची गाडी

दसरा आणि गुढीपाडव्याला शहरातली दालने सकाळपासून गजबजतात. बॉनेटवर झेंडूची माळ, हळद-कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, नारळ फुटतो, आणि तिथून गाडी काळाराम मंदिराकडे, नवश्या गणपतीला किंवा थेट वणीच्या गडावर. या दिवशी गाडी हातात हवी म्हणून नोंदणी आठवडाभर आधीपासून सुरू करावी लागते, कारण तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ४२ आहे. तात्पुरत्या नोंदणीची पाटी पिवळी आणि तिच्यावर लाल अक्षरे असतात. चॉईस नंबरच्या गाडीला हा काळ जास्त लागतो. आधी आकडा राखायचा, मग नोंदणी, मग पाटी तयार होऊन दालनात येणार. दसऱ्याला जुनाच आकडा नव्या गाडीवर पाहायचा असेल तर पितृपक्षात खरेदी नको म्हणून थांबणाऱ्याने निदान आकड्याची चौकशी तरी त्या पंधरवड्यात उरकून घ्यावी.